‘एक्स२५ मॅप’ की ‘एक्स२५ रूट’? कॉल कुणाचा, ते आधी बघा

जुन्या एक्स.२५ लिंकवर (फोनसारखा आधी कॉल लावून मग डेटा पाठवणारं पॅकेट नेटवर्क) सिस्को राउटर बसवताना या दोन कमांडांची सर्रास गल्लत होते. दोन्हींत एक्स.१२१ पत्ता (एक्स.२५ मधला फोन नंबरसारखा आकडा) लिहायचा असतो, म्हणून एक लिहिली की भागलं असं वाटतं. भागत नाही. कॉल राउटर स्वतः लावतोय आणि घेतोय, की दुसऱ्याचा कॉल नुसता पुढे सोडतोय, यावर सगळं ठरतं.

पहिल्या प्रकाराला मॅप. ‘एक्स२५ मॅप आयपी १०.१.१.२ ४००२ ब्रॉडकास्ट’ ही ओळ सिरियल इंटरफेसच्या आत जाते. १०.१.१.२ साठी आयपी पॅकेट आलं की ४००२ ला कॉल लागतो. येणाऱ्या आयपी कॉललाही हाच मॅप लागतो: राउटर कॉल करणाऱ्याचा पत्ता त्यात शोधतो, सापडला नाही तर कॉल क्लिअर करतो, म्हणजे तोडतो. त्यामुळे मॅप दोन्ही टोकांना हवा. ‘ब्रॉडकास्ट’ राहून गेलं तर पिंग चालतं, पण रिपचे (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलचे) अपडेट जात नाहीत, आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. आयडलची (रिकामा कॉल किती मिनिटांनी तोडायचा त्याची) मूळ किंमत ० असते, म्हणजे रिकामा कॉलही आपणहून तुटत नाही. लिंकचं बिल कॉलच्या वेळेनुसार लागत असेल तर ‘एक्स२५ आयडल ५’ द्या.

दुसऱ्याचा कॉल पुढे सोडायचा तर रूट. ही ओळ मात्र ग्लोबल, इंटरफेसच्या बाहेर. आधी ‘एक्स२५ राउटिंग’ दिलं नसेल तर राउटर स्विच म्हणून कामच करत नाही. मग ‘एक्स२५ रूट ^४००२$ इंटरफेस सिरियल १’. पलीकडचं टोक आयपी नेटवर्कवर असेल तर इंटरफेसच्या जागी ‘एक्सओटी १०.५.५.१’ (एक्सओटी म्हणजे टीसीपीवरून एक्स.२५), तेव्हा फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट १९९८ उघडा हवा. इथे आत आयपी आहे की आणखी काही, याच्याशी राउटरला देणंघेणं नसतं.

रूटची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. नवी ओळ तळाशी पडते. त्यामुळे वर ‘.*’ (कुठलाही पत्ता) बसलेलं असेल तर खालच्या ओळींची पाळीच येत नाही. नवी ओळ ‘#१’ लावून वर घाला. ^ (पत्त्याची सुरुवात) आणि $ (शेवट) गाळले तर ४००२ हे आकडे मध्येच असलेला १४००२५ सुद्धा जुळतो.

दोष कुठे आहे ते ‘डीबग एक्स२५ इव्हेंट्स’ सांगतं. कॉल पॅकेट बाहेरच पडत नाही आणि ‘डीबग आयपी पॅकेट’मध्ये एन्कॅप्सुलेशन फेल दिसतं: मॅप नाही. कॉल जातो, पण कॉज १३, डायग्नॉस्टिक ६७ घेऊन क्लिअर होतो: वाटेतल्या स्विचकडे त्या पत्त्याचा रूट नाही.

कॉल लागतो, पण डेटा सुरू होताच रीसेट येतात, तेव्हा मॅप आणि रूट दोन्हींना हात लावू नका. दोन्ही टोकांचं पॅकेट साइज (मूळ १२८ बाइट) आणि विंडो, म्हणजे पोच न मिळता किती पॅकेट पाठवता येतात (मूळ २), जुळवा. बदललेल्या किमती इंटरफेस शट–नो शट करून लिंक रीस्टार्ट झाल्यावरच लागू होतात.