पाण्याचा थेंबही न पिता जगणारा कांगारू रॅट

थंड पाण्याने भरलेलं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिला मिनिटभर त्याला बाहेरून ओल येते, बघितलंय ना? पातेलं गळत नसतं, गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड भांड्यावर जमते. खाल्लेलं अन्न शरीरात ‘जळतं’ तेव्हाही असंच पाणी तयार होतं, आपल्याला ते पुरत नाही एवढंच, पण अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणारा कांगारू रॅट बहुतांश याच पाण्यावर जन्म काढतो.

कांगारूशी याचं काही नातं नाही आणि आपल्या घरातल्या उंदराचाही तो जवळचा भाऊबंद नाही. याची एक जात म्हणजे मेरियम कांगारू रॅट, जेमतेम 40 ग्रॅमचा, शेपटी अंगापेक्षा लांब, टोकाला झुपका, आणि मागच्या दोन पायांवर टुणटुण उड्या मारत पळतो. दोन्ही गालांना बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या पिशव्या असतात, आतून चक्क केसाळ, त्यात पुढच्या पायांनी भराभर बिया कोंबायच्या आणि बिळात नेऊन साठवायच्या. दिवसा वरची वाळू चटके देते तेव्हा हा बिळाचं तोंड मातीने बुजवून आत गारव्यात बसतो, बाहेर पडतो तो रात्रीच. (आपल्या कच्छ-राजस्थानातला वाळवंटी जर्बिल हा उंदरासारखा प्राणी मात्र दिवसाढवळ्या फिरतो, त्याची तऱ्हाच वेगळी.)

नॉर्वेत जन्मलेले शास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या पत्नी बोडिल यांनी 1940च्या दशकाच्या शेवटी या प्राण्याच्या पाण्याचा अगदी वाण्याच्या वहीसारखा हिशोब मांडला, आणि मला तो फार आवडतो. साधारण महिनाभरात हा 100 ग्रॅम सातू खातो. दाण्यांत मुरलेली ओल 6 ग्रॅम, ते दाणे शरीरात जळून तयार झालेलं पाणी 54 ग्रॅम, म्हणजे जमा 60. खर्च बघा: लघवीत साडेतेरा, लेंड्यांत अडीचच्या आसपास आणि उरलेलं सगळं, जवळपास 44 ग्रॅम, श्वासातून आणि कातडीतून उडून जातं. जमाखर्च बरोब्बर जुळतो!

सगळ्यात मोठा खर्च श्वासाचा, म्हणून सगळ्यात भारी युक्तीही नाकातच आहे. कोरडी हवा आत घेताना ती नाकाच्या अरुंद नळ्यांच्या ओल्या भिंतींवरून जाते, तिथलं थोडं पाणी उडतं आणि भिंती गार पडतात, अगदी माठ गार पडतो तशा. मग फुप्फुसातली गरम दमट हवा त्याच नळ्यांतून बाहेर पडायला लागली की तिच्यातली बरीचशी वाफ तिथेच जमते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात ना तसं. हवा कोरडी असेल तर याचा उच्छ्वास बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असतो, आणि हे एवढ्याशा नाकात!

मूत्रपिंडंही तशीच दणकट, लघवी माणसाच्या लघवीच्या जवळपास चौपट दाट करतात. त्यांचा कस बघायला श्मिट-नील्सन जोडप्याने काही कांगारू रॅटना सोयाबीन खायला घातलं. त्यात प्रोटीन भरपूर, म्हणजे प्रोटीन वापरून झाल्यावर उरणारा आणि लघवीतून शरीराबाहेर टाकायचा युरियाही भरपूर, त्यामुळे इथे पाणी प्यावंच लागलं. प्यायला दिलं समुद्राचं खारं पाणी, जे पिऊन माणूस आणखीच सुकत जातो. हे पठ्ठे ते पिऊन टिकले, वजनही घटलं नाही.