उपमा, यमक, व्यतिरेक... हे अलंकार आले कुठून?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना अलंकार म्हणजे व्याख्या पाठ करून मार्क काढायचा टॉपिक वाटतो, आणि शिकवलंही तसंच जातं. पण आधी कविता होती, नावं नंतर आली, हे लक्षात घेतलं की सगळं सोपं होतं.

सुरुवात नाटकापासून. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त ४ आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, बस. पुढे भामह, दंडी वगैरे संस्कृत काव्यशास्त्रकार मंडळी काव्य वाचत गेली, बारकावे दिसतील तशी नावं देत गेली, आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या अलंकारांवरच्या ग्रंथापर्यंत यादी शंभरच्या वर पोचली. मधे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ठणकावून सांगितलं की काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे थेट न बोलता सुचवलेला अर्थ. माझ्या मते सगळ्यात मोठं वळण हेच.

आता मराठीत या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. त्यातलं मराठी बोलाबद्दलचं 'अमृतातेंही पैजां जिंके' शाळेत व्यतिरेकाचं उदाहरण म्हणून येतं. नीट बघा, मराठी बोल हे उपमेय (ज्याची तुलना करायची ते), अमृत हे उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते). 'अमृतासारखे गोड' म्हटलं असतं तर साधी उपमा झाली असती, पण इथे पैज लावून अमृतालाच हरवलंय, उपमेय वरचढ ठरलं की व्यतिरेक. ज्ञानाची भाषा संस्कृतच असं मानणाऱ्या काळात हे म्हटलंय, त्यामुळे ही नुसती सजावट नाहीच, अलंकार काढला तर म्हणणंच उरत नाही.

मग पंडित कवी आले. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९-१७९४) यमकं तर भरपूर वापरलीच, शिवाय निरोष्ठ रामायण लिहिलं, ज्यात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरंच नाहीत, म्हणजे 'राम' हे नावसुद्धा घेता येत नाही! कसब जबरदस्त, पण मन ज्ञानेश्वरीतच जास्त रमतं हे खरं.

विसाव्या शतकात कवी आणि समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा आणली, म्हणजे दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून नाही तर मनात सारखीच भावना उठवतात म्हणून कवी त्या जोडतो. नवकवितेतल्या प्रतिमा जुन्या उपमेच्या व्याख्येत का बसत नाहीत ते इथे कळतं.