बाळ घरी येण्याआधी फार्मसीतून काय न्यायचं, काय नाही

आठवा महिना लागला की घरातलं कोणीतरी मोबाइलवर भलीमोठी यादी घेऊन काउंटरवर येतं, बहुतेक वेळा फॉरवर्ड होऊन आलेली, आणि त्यातलं निम्मं आम्हीच कापतो. खरं सांगायचं तर नवीन बाळाला फार्मसीतलं फार थोडं लागतं. पण जे लागतं ते आधीच घरात पाहिजे, कारण आपल्याकडे दुपारी एकला शटर खाली येतं ते चारशिवाय वर जात नाही, चवथीच्या दिवसांत तर विचारूच नका, आणि जुलैच्या पावसात लाइट गेलेली असताना रात्री थर्मामीटर शोधत फिरायची वेळ कोणावर येऊ नये.

तर पहिली वस्तू डिजिटल थर्मामीटर. काचेचा पाऱ्याचा घरात पडलेला असेल तर तो बाळाजवळ नको, फुटला तर पारा गोळा करत बसावं लागतं. डिजिटलचं टोक काखेत धरायचं, हात अंगाला लावून ठेवायचा, बीप वाजेपर्यंत काढायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 डिग्री, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 100.4 किंवा त्याच्या वर दिसलं तर घरी औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरकडे. अंग गार पडलंय, बाळ दूध ओढत नाहीये, नुसतंच झोपून आहे, तरी तसंच. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

"तापाचे ड्रॉप्स पण देऊन ठेवा, लागले तर" हे आम्ही रोज ऐकतो. नाही देत, का ते सांगतो. पॅरासिटामॉलच्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारण एका एमएलला 100 मिलिग्रॅम असतं, आणि मोठ्या मुलांच्या साध्या सिरपमध्ये 5 एमएलला 125, म्हणजे एका एमएलला 25. नाव तेच, खोक्यावर चित्रही बाळाचंच, पण चौपट फरक! सिरपचं माप लक्षात ठेवून कोणी ड्रॉप्स पाजले तर काय होईल ते बघा. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, म्हणून दीड महिन्याच्या लशीच्या वेळी डॉक्टर लिहून देतील तेव्हाच न्या, आणि त्याच बाटलीसोबतचा ड्रॉपर वापरा, दुसऱ्याचा नको. व्हिटॅमिन डीचंही तसंच आहे. रोज 400 युनिट द्यायला सांगतात, पण बाजारात एका एमएलला 400 वाले पण आहेत आणि 800 वाले पण, त्यामुळे शेजारणीने "आम्ही एक एमएल द्यायचो" म्हटलं तरी आधी आपली बाटली वाचा, वाचता नाही आली तर घेऊन या, आम्ही पेनने खूण करून देतो.

नाळेसाठी काय पावडर, काय मलम असं विचारतात, तर काहीच नाही. ती कोरडी ठेवायची, लंगोट किंवा डायपर तिच्या खाली दुमडायचा, एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. हळद, तेल, राख नको. आजूबाजूला लाल झालं, पू आला, वास यायला लागला तर डॉक्टरला दाखवा. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकायची गरज नाही, टाल्कम पावडर श्वासात जाते म्हणून नको, आणि काजळात शिसं असू शकतं म्हणून तेही नको. तीट लावायचीच असेल तर पायाच्या तळव्याला लावा, पण बाळाचा हात पोचणार नाही असं बघा.

आता एक गोष्ट जी यादीत कधीच नसते. आपल्या हवेत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते म्हणून ट्रंकेत डांबर गोळ्या घातलेल्या असतात, आणि मोठ्या भावंडाची दुपटी, झबली, आजीची मऊ लुगडी त्याच ट्रंकेतून निघतात. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळाला त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासानेसुद्धा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ते कमी आहे की नाही हे आधी कोणालाच माहीत नसतं. म्हणून कपडे आत्ताच काढा, चांगले धुवा, कडक उन्हात घाला, वास पूर्ण गेला पाहिजे. बाळाच्या खोलीतून गोळ्या हद्दपार.

कापराचंही तेच, म्हणजे सर्दी झाली की कापराची पुरचुंडी, छातीला बाम वगैरे लहान बाळाला नको, कापराने झटके येऊ शकतात. चोंदलेल्या नाकासाठी साधे सलाइन नेझल ड्रॉप्स न्या, ते घरात असू द्या. खोकल्याचं सिरप मात्र दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लिहूच नये असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये कळवलंय, तेव्हा काउंटरवर आग्रह करू नका.

आता आजी रागावणार. मध एक वर्षापर्यंत बोटाने चाटवायलासुद्धा नको, त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे बाळाला लुळं पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. ग्राइप वॉटर, बाळगुटी, उकळलेलं पाणी हेही पहिले सहा महिने नको, फक्त आईचं दूध. डब्याचं दूध आणि बाटल्यांवर ऑफर काय आहे असं विचारू नका, 1992 च्या कायद्याने त्यांची जाहिरात, सॅम्पल, गिफ्ट सगळं बंद आहे. डॉक्टरांनी लिहिलं तर मिळेल.

ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, पण ती मोठ्यांसाठी, बाळाला जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारूनच. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, 24 तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. पाकिटच घ्या, गोड ज्यूसचा टेट्रा पॅक नव्हे. अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली.

डायपर न्यूबॉर्न साइजचं एकच लहान पॅक न्या, बाळं भराभर वाढतात. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, छापील किंमत बघून घ्या. बाकी नेलकटर, कापूस, हात धुवायचा साबण, आणि मच्छरदाणी, कॉइलचा धूर नको.

बाळाच्या गडबडीत बाळंतिणीची पिशवी राहूनच जाते. मोठे मॅटर्निटी पॅड भरपूर न्या, इथे मात्र कंजुषी नको. एका तासात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर ते नेहमीचं नाही, हॉस्पिटल गाठा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालतात, पण दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तास जाऊ द्या. टाके असतील तर बद्धकोष्ठाचा त्रास जास्त, त्यासाठी काय चालेल ते डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब ठेवा, पावसाळ्यात पाकिटातल्या पावडरचा गोळा होतो. न फोडलेलं डायपरचं पॅक बिलासह आणलंत तर साइज बदलून देतो. औषधं परत घेता येत नाहीत. दुपारच्या बंद वेळेत अगदीच अडलं तर शटरवर आमचा नंबर लिहिलेला आहे.