सुंदर चाल आणि अचूक चाल

२०२५च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला आणि आमच्या घरचा पट कपाटातून निघून सोप्यावर आला, तो तिथेच राहिला. नाताळच्या सुट्टीत डिचोलीला आलेला माझा भाचा जुने डाव मोबाइलवर लावायचा आणि इंजिनाने, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने, हिरवी खूण दिली की ओरडायचा, "मामा, काय सुंदर चाल!" इंजिन सांगते ते चाल अचूक आहे की नाही एवढेच. सुंदर ही गोष्ट वेगळी. एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, मात्र दोन्हींची गल्लत सहज होते, कारण पटावर मोहरे चार-पाच उरतात आणि सुंदर चाल बहुतेक वेळा अचूकही असते.

उलटे मात्र खरे नाही. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निकाल आज टेबलबेसमध्ये, म्हणजे संगणकाने आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या संग्रहात, नोंदलेले आहेत. २०१२मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर हे काम झाले, तेव्हा एक स्थिती अशी निघाली की दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. त्यातल्या चाली मी पाहिल्या आहेत. राजा इकडे का गेला, तिकडे का नाही, काहीच उमगत नाही. अचूकपणात त्यांना तोड नाही, पण मन कुठेच थांबत नाही.

म्हणून मी भाच्याला साव्हेद्राची म्हणून ओळखली जाणारी स्थिती मांडून दिली. (घरांच्या नावातले अक्षर उभी ओळ सांगते, डावीकडून ए ते एच; आकडा आडवी रांग, पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ.) पांढरा राजा बी६ वर, प्यादे सी६ वर. काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात, हत्ती डी५ वर. चाल पांढऱ्याची. १८९५मध्ये बुद्धिबळाचे सदर लिहिणारे बार्बिए यांनी ही कल्पना ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात छापली, ती काळा बरोबरी साधतो म्हणून.

प्यादे सी७ वर जाते, हत्ती डी६ वरून शह देतो. राजा सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर उतरतो आणि नवा वजीर पुढच्याच शहात जातो. म्हणून राजाने बी५, बी४, बी३ अशा पायऱ्या उतरत, प्रत्येक घरी शह खात, सी२ गाठायचे. तेवढ्यात काळा हत्ती डी४ वर सरकतो.

भाच्याने प्यादे आठव्या रांगेत ढकलले आणि बाजूला ठेवलेला वजीर उचलला. मी हत्ती सी४ वर ठेवून शह दिला. त्याने वजिराने तो मारला, आणि काळ्या राजाला हलायला घरच उरले नाही. स्टेलमेट: शह नाही, पण खेळायला चालही नाही, म्हणून बरोबरी. बार्बिए यांची युक्ती ती हीच, आणि तीही देखणी आहे.

ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश पाद्रीला मात्र पुढचे दिसले. प्याद्याचा वजीर करू नका, हत्ती करा. आता सी४ वरचा शह हत्तीने मारला तरी काळ्या राजाला ए२ मोकळे राहते. शिवाय ए८ वर मातेची धमकी. ती अडवायला काळा हत्ती ए४ वर येतो, तर पांढरा राजा बी३ वर येऊन त्या हत्तीवर चाल करतो आणि सी१ वरची मातही दाखवतो. दोन्ही वाचवणे काळ्याला जमत नाही.

"पण वजीर तर हत्तीपेक्षा मोठा ना, मामा?" मी वजीर परत सी४ वर ठेवला आणि तिथून ए२ पर्यंत तिरके बोट फिरवले. वजिराला हत्तीपेक्षा ही तिरकी नजर जास्त आहे, आणि तीच इथे घात करते. माझ्या मते सौंदर्य आहे ते इथे: काटेकोर हिशेबाचे कारण एका नजरेत दिसते, आणि ते आपल्या सवयीच्या नेमके विरुद्ध असते. हिशेब चुकला असता तर हत्ती करणे हा नुसता लहरीपणा ठरला असता.

मग बुद्धिबळपटू रेती यांची १९२१ची रचना लावली. चाल पांढऱ्याची, आणि साधायची ती बरोबरी. पांढरा राजा एच८, प्यादे सी६. काळा राजा ए६, प्यादे एच५. काळे प्यादे पांढऱ्या राजाच्या हाती लागणार नाही असे कोणीही म्हणेल. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका, स्वतःच्या प्याद्याकडे चालल्यासारखा निघतो. काळ्याने ते प्यादे मारले तर तिथून एफ४, जी३ करत काळे प्यादे गाठतो. मारले नाही, तर आपल्या प्याद्याचा वजीर करून घेतो, तसा काळ्याचाही होतो. दोन्हीकडे बरोबरी.

भाच्याने बोटाने घरे मोजली. एच८ पासून जी३, तिरके पाच. मग सरळ खाली येऊन मोजले, तेही पाच. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.