केंद्रक गोलच असतं असं नाही हो!

'अणूंची व्हायब्रेशन्स सुधारणारं' लॉकेट विकायची जाहिरात मधे बघितली आणि डोकंच फिरलं, कारण अणूचं केंद्रक खरंच थरथरतं आणि ती थरथर पकडायची पद्धत इतकी भन्नाट आहे की त्यापुढे लॉकेट म्हणजे काहीच नाही.

आधी पुस्तकातलं ते गोल केंद्रक विसरा. एर्बियम-१६६ घ्या. ६८ प्रोटॉन, ९८ न्यूट्रॉन, आकार रग्बीच्या बॉलसारखा, लांबी जाडीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त. असं लांबुळकं असलं की ते फिरतं, त्याची पहिली पायरी (म्हणजे एनर्जीची ठरलेली पातळी) ८१ केईव्हीला, दुसरी २६५ ला. (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप.) शिवाय त्याची कंबर दाबली-सुटल्यासारखी थरथरते, ती गॅमा थरथर (नुसतं नाव, गॅमा किरण वेगळे) ७८६ केईव्हीला. यात एकदोन कण नाही, बरेचसे मिळून हलतात, म्हणून सामूहिक. (याच थिअरीसाठी ओ बोर, मॉटेलसन आणि रेनवॉटरला १९७५ चं नोबेल.)

आता प्रश्न असा की ही थरथर डबल होते का, म्हणजे एकावर एक दोनदा? सरळ हिशोबाने दुप्पट, १५७२ केईव्हीला सापडायला हवी.

अमेरिकेत केंटकी युनिव्हर्सिटीत हे न्यूट्रॉन मारून शोधलं. ट्रिटियमवर (जड हायड्रोजनवर) प्रोटॉन आदळले की न्यूट्रॉन निघतात, त्यांना चार्ज नाही त्यामुळे केंद्रक त्यांना ढकलून देत नाही, आणि एनर्जी हळूहळू वाढवत नेली की पायरी उतरताना केंद्रक सोडतं तो नवा गॅमा किरण नेमका कधी उगवला त्यावरून पायरी किती उंचीवर आहे ते कळतं.

पण खरी मजा पुढे आहे. धक्का बसलेलं केंद्रक प्रकाशाच्या वेगाच्या दोन हजाराव्या भागाने पळतं आणि पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या) आसपास आजूबाजूच्या अणूंना धडकत थांबतं. पळतानाच गॅमा सोडला तर शाळेतला डॉप्लर लागू, पुढे बसवलेल्या डिटेक्टरला एनर्जी जास्त दिसते, मागे कमी. थांबून सोडला तर फरक शून्य. हजार केईव्हीच्या गॅमाला हा फरक जास्तीत जास्त अर्धा केईव्ही इकडे-तिकडे, डिटेक्टरमधली रेषाच दोनेक केईव्ही जाड, तरी तिचा मध्य कोनागणिक किती सरकला ते मोजतात आणि त्यावरून पायरीचं आयुष्य काढतात, फेम्टोसेकंदात (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागात)! आयुष्य का हवं, तर सगळे मिळून हलत असतील तर गॅमा थरथरीच्या पायरीवर उतरणारं संक्रमण जोरदार असतं, आणि तो जोर आयुष्याशिवाय निघत नाही. नुसती उंची बघून कुठलीही पायरी 'डबल' म्हणता येत नाही.

१९९७ मध्ये केंटकीवाल्यांनी दाखवलं की १९४३ केईव्हीची शून्य स्पिनवाली (स्पिन म्हणजे केंद्रकाच्या फिरण्याचा आकडा) पायरी डबल गॅमा थरथरच आहे. तिची जोडीदार, स्पिन चारवाली, २०२८ केईव्हीला. दोन्ही १५७२ च्या बऱ्याच वर, म्हणजे दुसऱ्यांदा थरथरवणं महाग पडतं.

राहिलं लॉकेट. अंगातल्या उष्णतेची एनर्जी ०.०२७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. एर्बियमची पहिली गॅमा थरथर तिच्या सुमारे तीन कोटी पट, आणि आपल्या अंगातल्या कार्बनच्या केंद्रकाची पहिलीच पायरी ४४०० केईव्हीच्या वर. तिथे लॉकेट पोचवा बघू!