एका लाईन चार्टवर अनेक तारखा

एकाच नोंदीला अनेक तारखा असतात तेव्हा त्या सगळ्या एकाच काळाच्या आडव्या अक्षावर वेगवेगळ्या रेषांनी दाखवायची पद्धत. मराठवाड्यात हमीभावाच्या सोयाबीन खरेदीचं शीट उघडलं की हेच समोर येतं: नोंदणीची तारीख, मेसेज आल्याची, माप झाल्याची, खात्यात पैसे जमा झाल्याची. शेतकरी एक, तारखा चार.

उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक पुस्तकं स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअरला मान देतात, त्याच्या 1786 च्या ॲटलसात आयात आणि निर्यात एकाच चार्टवर दोन रेषांनी आहे. पण 1936 मधे आलेखांच्या इतिहासाचा अभ्यासक फंकहाउझरने एका जुन्या हस्तलिखितातली आकृती पुढे आणली, दहाव्या शतकातली किंवा काहींच्या मते अकराव्या, आडवे तीस भाग पाडून त्यावर ग्रहांच्या वळणदार रेषा. ती मोजमापापेक्षा शिकवण्यासाठीच काढलेली वाटते, म्हणून तिला पहिला लाईन चार्ट म्हणणं जरा ओढूनताणून होतं. शिवाय प्लेफेअरच्या दोन्ही रेषांना तारखेचा कॉलम एकच आहे. आपल्या विषयाला खरा जवळचा पूर्वज म्हणजे जोसेफ प्रीस्टलीचा 1765 चा चरित्र-तक्ता, त्यात प्रत्येक माणसाला जन्म आणि मृत्यू अशा दोन तारखा आहेत आणि दोन्ही एकाच काळपट्टीवर बसवल्यात.

खरी गोम अक्षात आहे. समजा पाच जणांची नोंदणी 1, 1, 2, 3, 3 नोव्हेंबरला झाली आणि मापं 3, 4, 4, 4, 5 ला. अक्षावर नोंदणीची तारीख घेऊन दोन्हीची मोजणी टाकली तर मापंही 1, 2 आणि 3 तारखेलाच झाली असं दिसतं आणि दोन्ही रेषा एकावर एक पडतात, चार्ट एकदम देखणा आणि साफ खोटा. म्हणून अक्षाला कोणत्याच कॉलमची तारीख घ्यायची नाही, सगळ्या दिवसांचं वेगळं कॅलेंडर टेबल करायचं. मग एक तर तारखांचे कॉलम अनपिव्होट करून, म्हणजे शेजारशेजारचे कॉलम एकाखाली एक ओळींत उतरवून, ‘घटना’ आणि ‘तारीख’ असे दोनच कॉलम ठेवायचे, एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा वापरणारे हेच युनियन ऑल या आदेशाने करतात, नाहीतर पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रॅममधे कॅलेंडर टेबलाशी एक नातं चालू आणि बाकीची तुटक रेघेची, म्हणजे बंद, ठेवून मेजरमधे (हिशेबाच्या सूत्रात) हवं ते नातं चालू करणारं युजरिलेशनशिप हे फंक्शन लावायचं. नोंदी कमी असतील तर अनपिव्होट बरं, सांभाळायला सोपं.

एक्सेलमधे तारीख हा आत नुसता आकडा असतो, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1. पैसे अजून जमा नाहीत म्हणून रिकाम्या सेलकडे बोट दाखवणारा फॉर्म्युला शून्य देतो आणि अक्ष थेट 1900 पासून सुरू होऊन सगळा हंगाम उजव्या कोपऱ्यात चेपला जातो. (1900 ला एक्सेल लीप वर्ष समजतं, ही चूक लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळवून घेताना मुद्दाम ठेवलेली.) दुसरं दुखणं म्हणजे 3/11 चा, म्हणजे 3 नोव्हेंबरचा, 11 मार्च होणं, दिवस 12 च्या पुढे गेला की ते टेक्स्ट म्हणून तसंच राहतं, त्यामुळे अर्धा कॉलम बरोबर दिसतो आणि चूक लवकर सापडत नाही.

रोजच्या मोजणीपेक्षा एकूण बेरजेच्या रेषा जास्त बोलतात. वरच्या उदाहरणात 3 तारखेअखेर नोंदणी पाच, माप एक. उभं अंतर चार, म्हणजे चार जण रांगेत. आडवं अंतर म्हणजे थांबण्याचा काळ, पण नोंदणीच्या क्रमानेच मापं झाली तरच. बारदाना संपला की मापाची रेषा सपाट होते आणि “माप झालं, पैसे कधी यायलेत?” याचं उत्तर मापाच्या आणि पैसे जमा झाल्याच्या रेषांमधल्या फटीत असतं.

निजामकाळातल्या कागदांवरून असा चार्ट करायचा तर फसली साल, म्हणजे तिथलं महसुली वर्ष, आडवं येतं. साल साधारण ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे इसवी सन काढायला फसली सालात डिसेंबरपर्यंत 590 आणि जानेवारीपासून 591 मिळवायचे. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. दिवसापर्यंत जुळवत बसण्यापेक्षा तिथे सालवारच रेषा काढलेली बरी.