पाय दुखतात? रक्त तपासायला देण्याआधी घोट्याचे बीपी मोजा
(आमच्या नागपूरच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"पाय लय दुखून राहिले जी, युरिक ॲसिड करून द्या." काउंटरवर हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले, की हे पत्रक काढावे लागले. युरिक ॲसिड, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, तिन्ही होतात. आकडे ठीक येतात आणि दुखणे आहे तिथेच राहते. यातल्या काहींच्या सांध्यांत दोष नसतोच. पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतल्या चरबीच्या थराने अरुंद झालेल्या असतात. डॉक्टर याला पेरिफेरल आर्टरी डिसीज किंवा पीएडी म्हणतात. आम्ही रक्त तपासणारे लोक आहोत, तरी आधी हेच सांगतो: या आजाराची पहिली तपासणी रक्ताची नाही.

दुखणे कसे ओळखायचे

अंबाझरीला फिरताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो. थांबले की थोड्या मिनिटांत जातो आणि तितकेच चालले की परत येतो. रामटेकच्या पायऱ्या चढताना तो लवकर येतो, कारण चढताना स्नायूंना रक्त जास्त लागते. मणक्यात नस दबली असेल तर नुसते उभे राहून बरे वाटत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीचे दुखणे मात्र उभ्या-उभ्याच थांबते. डॉक्टरांना हा फरक आवर्जून सांगा. पोटरीवर फुगलेल्या निळ्या नसा हा वेगळा आजार आहे.

पुष्कळांना काहीच दुखत नाही. डायबेटिसमुळे पाय बधिर झालेल्यांचे तर बोलायलाच नको. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली, फोड आला, तो कळलाही नाही. दोन आठवडे झाले तरी जखम भरत नसेल, तर नुसते मलम लावत बसू नका.

धोका कोणाला

सगळ्यांत वर तंबाखू. बिडी-सिगारेट हृदयाला घातक हे सर्वांना ठाऊक आहे, पण पायांच्या धमन्यांशी तिचे नाते त्याहूनही घट्ट आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारे म्हणतात, "आम्ही ओढत नाही ना." धूर नसला तरी निकोटिन रक्तात जातेच, रक्तवाहिन्या आवळते आणि बीपी वाढवते. खिशात खर्र्याची पन्नी असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ऐन तिशी-चाळिशीत पायाची बोटे काळी पडायला लावणारा बर्गर्स डिसीज हा वेगळा आजार, पण त्याचेही मूळ तंबाखूच आहे.

दुसरा डायबेटिस. जितकी वर्षे जुनी आणि जितकी बेताल साखर, तितका धोका मोठा. मग वाढलेले बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीचा आजार आणि वय. पासष्टी ओलांडलेल्यांनी, तसेच पन्नाशीनंतर डायबेटिस किंवा तंबाखू असलेल्यांनी दुखणे नसले तरी डॉक्टरांना विचारावे. हे फक्त पायापुरते नाही. पायात जो थर साचतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो.

घोट्याचे बीपी

याला एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. तुम्ही दहा मिनिटे शांत आडवे राहता. मग दोन्ही दंडांचे आणि दोन्ही घोट्यांचे वरचे बीपी रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या डॉपलर यंत्राने मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडात 140 आणि घोट्यात 98 आले, तर भागाकार 0.70. साधारण 1.00 ते 1.40 ठीक, 0.91 ते 0.99 काठावरचे आणि 0.90 किंवा त्याखाली म्हणजे पीएडी धरून चालायचे. 1.40 च्या वर गेला तर खूश होऊ नका. जुन्या डायबेटिसमध्ये आणि किडनीच्या आजारात धमन्या कॅल्शियम साचून कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, म्हणून आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचे बीपी मोजतात.

मग रक्त कशासाठी

आजार का झाला आणि पुढे किती आवरायचा, हे कळायला.

एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, सर्वांत कामाचे. रिपोर्टवर छापलेली "100 पर्यंत ठीक" ही ओळ निरोगी माणसासाठी आहे. पीएडी असेल तर डॉक्टर ते 70 च्याही खाली आणायला बघतात. तेव्हा रिपोर्टवर आकडा ठीक दिसतो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका.

एचबीए1सी तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, पण विदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सिकलसेल. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी दिसतो. वाहक असाल तरी काही यंत्रांवर तो चुकू शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर नमुना देतानाच सांगा. मग उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर किंवा फ्रुक्टोसामीन (मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज) बघता येते.

किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन पुरते.

लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) अनुवंशाने ठरते, आहाराने फारसे हलत नाही. आयुष्यात एकदा केले तरी बहुतेकांना पुरे. घरात कमी वयात हार्ट अटॅक झाले असतील तर जरूर करा. दर डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर ते जास्त धरतात.

एचएस-सीआरपी शरीरातली बारीक सूज दाखवते. 1 च्या खाली चांगले, 3 च्या वर धोका अधिक. सर्दी-तापात करू नका. 10 च्या वर आले तर आधी इन्फेक्शन शोधा आणि दोनेक आठवड्यांनी परत करा.

होमोसिस्टीन (रक्तातले एक अमिनो आम्ल) जास्त असणाऱ्यांत पीएडी अधिक आढळतो, पण फॉलिक ॲसिडने ते उतरवून धमन्यांना फायदा झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. शाकाहारी माणसात ते वाढले तर बी12 ची कमतरता बघावी, एवढा त्याचा उपयोग. रक्त गोठण्याशी संबंधित फायब्रिनोजेन आणि डी-डायमर संशोधनात येतात, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय त्यांवर पैसे घालू नका. आम्हीही आग्रह करणार नाही.

येताना

वरच्या बहुतेक तपासण्यांना उपाशी राहण्याची गरज नाही. फक्त उपाशीपोटीच्या साखरेला आठ तास लागतात आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले तर लिपिड परत उपाशीपोटी करावे लागते. एबीआयच्या आधी किमान दोन तास तंबाखू आणि अर्धा तास चहा नको. सैल पायजमा किंवा साडी बरी पडते. जुने रिपोर्ट आणा. पायाला जखम असेल तर आधीच सांगा, पट्टा तिथे बांधत नाहीत.

आणि एखादा पाय अचानक खूप दुखू लागला, थंड व पांढरा पडला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर आमच्याकडे येऊ नका. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा, थेट इमर्जन्सीत. शेक देऊ नका, चोळू नका, सकाळची वाट बघू नका. पाय वाचवायला हातात काही तासच असतात.